बागकामाच्या धंद्याला गाडी घेताना आधी वजनाचा हिशेब करा

पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक या शहरांत आपले अनेक तरुण सोसायट्यांच्या बागांची कामे घेत आहेत. चार-पाच कामे हाती आली की गाडीचा विचार सुरू होतो. बहुतेक जण आधी शोरूमला जातात आणि हप्ता किती ते विचारतात. आम्हाला वाटते, सुरुवात वजनापासून करावी.

रोज काय वाहून न्यावे लागते ते कागदावर लिहा. समजा, १२ किलोच्या २० कुंड्या म्हणजे २४० किलो. शेणखताच्या ४० किलोच्या पाच गोण्या, २०० किलो. गवत कापायचे यंत्र, फावडी, कुदळी, पाइप मिळून ६० किलो. पाण्याचा २०० लिटरचा ड्रम भरला की आणखी २०० किलो. एकूण ७०० किलो. ‘छोटा हत्ती’ची क्षमता साधारण ७५० किलो, म्हणजे माल काठोकाठ झाला. पाणी सोसायटीतच मिळत असेल तर तोच भार ५०० किलोवर येतो आणि लहान गाडी आरामात पुरते.

माती मात्र फसवते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि एवढ्या ओल्या मातीचे वजन चार टनांच्या पुढे जाते. दीड टनाचे पिकअपही ती एका खेपेत नेऊ शकत नाही. वर्षातून चार वेळा लागणाऱ्या मातीसाठी मोठी गाडी घेऊ नये, त्या दिवशी डंपर भाड्याने सांगावा. गाडी रोजच्या भारासाठी घ्यावी.

कागदपत्रांत गाडीचे मालासह एकूण वजन पाहा. ते ३,००० किलोपर्यंत असेल तर मोटार वाहन कायद्यानुसार मालवाहतुकीचा परवाना लागत नाही. फिटनेस आणि विमा मात्र लागतोच. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

सर्वांत महत्त्वाचे, कामगारांना मागच्या हौद्यात बसवू नका. ते बेकायदा आहे. अपघात झाला तर विम्याची भरपाई अडकते आणि हाल होतात ते मजुराच्या कुटुंबाचे. केबिनमध्ये मावत नसतील त्यांना बसचे भाडे द्या आणि तो खर्च कामाच्या दरात धरा.

जुनी गाडी घेत असाल तर हौदा आणि चॅसी खालून वाकून पाहा. ओली माती आणि शेणखताने पत्रा सडतो. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, ई-चलन थकले आहे का, तेही तपासा.

आता पैशांचे. हप्ता, विमा, इंधन, दुरुस्ती यांची महिन्याची बेरीज करा आणि सध्या भाड्यावर जाणाऱ्या रकमेशी ताडून पाहा. गाडी महिन्यातून आठ-दहा दिवसच लागत असेल, तर बहुधा भाड्याचीच स्वस्त पडेल. घ्यायचीच ठरली तर मुद्रा योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळू शकते. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी असलेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयातही चौकशी करा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि गाडीचे दरपत्रक सोबत न्या. कर्ज मंजूर होण्याआधी विक्रेत्याकडे बुकिंगची रक्कम भरू नका.