एक तक्ता, पंधरा किलोमीटर

पर्यावरणीय मंजुरीसाठी फॉर्म १ भरताना शेवटाकडे एक साधा तक्ता यायचा. प्रकल्पाच्या हद्दीपासून हवाई अंतराने पंधरा किलोमीटरच्या आत कुठले अभयारण्य, जंगल, पाणथळ जागा किंवा संवेदनशील क्षेत्र आहे का, असेल तर नाव आणि अंतर लिहा, एवढेच त्यात विचारलेले. आता अर्ज परिवेश पोर्टलवर भरतात, पण प्रश्नांचा रोख तोच आहे. सल्लागाराच्या कार्यालयात हा तक्ता बहुधा सर्वांत नवख्या माणसाकडे सोपवला जातो. गोव्यातल्या मोपा विमानतळाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा बरीचशी चर्चा याच तक्त्याभोवती फिरली.

मोपाला केंद्राची मंजुरी मिळाली २८ ऑक्टोबर २०१५ रोजी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१८ मध्ये काही जादा अटी घालून ती कायम ठेवली. मात्र २९ मार्च २०१९ रोजी, हनुमान लक्ष्मण आरोसकर विरुद्ध भारत सरकार या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने मंजुरी स्थगित करून प्रकरण तज्ज्ञ मूल्यांकन समितीकडे फेरविचारासाठी पाठवले. आसपासची जंगले आणि संवेदनशील क्षेत्रे अर्जात नीट उघड केली नव्हती, हा मुख्य आक्षेप. विमानतळ गोव्यात असला तरी पंधरा किलोमीटरचे वर्तुळ सिंधुदुर्गातही शिरते. राज्याची हद्द आली म्हणून तक्ता थांबत नाही.

पुढे १६ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने स्थगिती उठवली, जादा अटी घातल्या आणि त्यांच्या पालनावर देखरेख ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेकडे दिली. जानेवारी २०२३ मध्ये तिथून प्रवासी विमाने उडू लागली. म्हणजे जी माहिती आधी द्यायची राहिली, ती नंतर देऊनही प्रकल्प झालाच. मध्ये साडेनऊ महिने काम बंद, ठेकेदार थांबलेले आणि कर्जावरचे व्याज चालूच.

न्यायालय अशा वेळी नेमके काय तपासते, हे समजले की जोखीम कुठे आहे ते कळते. प्रकल्प चांगला की वाईट, हे न्यायाधीश सहसा ठरवत नाहीत. ते फाइल पाहतात: काय विचारले होते, काय उत्तर दिले, समितीने ते वाचले का, निर्णयाला कारणे दिली का. पर्यावरणीय मंजुरीची प्रक्रिया ठरवणाऱ्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत छाननी, अभ्यासाची कार्यकक्षा, लोकांशी विचारविनिमय आणि मूल्यमापन असे टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्यावर कागद तयार होतो आणि तोच पुढे पुरावा ठरतो.

छाननीत मोह असतो तो प्रकल्प लहान दाखवण्याचा. बांधकामाला २०,००० चौरस मीटरपासून मंजुरी लागते, म्हणून एकाच भूखंडावरचे टॉवर वेगवेगळे दाखवले जातात. रस्ता एक, प्रवेशद्वार एक, सांडपाण्याची वाहिनी एक. असे तुकडे कोर्टात पाच मिनिटे टिकत नाहीत.

अभ्यासातली मूळ माहिती, म्हणजे हवा, पाणी, माती यांच्या नोंदी, अर्ज करताना तीन वर्षांहून जुनी नसावी लागते. आणि ती त्याच जागेची असावी, हे वेगळे सांगावे लागू नये; पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालाचा मजकूर जसाच्या तसा सापडला होता! असा एक परिच्छेद मिळाला की विरोधी वकिलाला बाकीचा अहवाल वाचायचीही गरज उरत नाही. अधिसूचनेच्या आठव्या कलमानुसार जाणूनबुजून लपवलेल्या किंवा दिशाभूल करणाऱ्या माहितीपायी मंजुरी रद्दही होऊ शकते.

सर्वाधिक खटके उडतात ते जनसुनावणीवर. तीस दिवसांची नोटीस, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, प्रती जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत, कार्यवाहीचे चित्रीकरण, सगळे ठरलेले आहे. सारांश वेळेत पोचला नाही, तर सुनावणीत कोण काय बोलले याला फारसा अर्थ उरत नाही. पोचला, तरी काम अर्धेच झालेले असते. गोव्यातल्याच एका खाणीबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये, उत्कर्ष मंडळ खटल्यात, समितीने आक्षेपांचा विचार केल्याचे कारणांसह दिसले पाहिजे, असे बजावले. म्हणून जाणते प्रवर्तक समितीपुढे जाताना इतिवृत्तातला प्रत्येक आक्षेप घेऊन त्यासमोर उत्तर लिहितात. विहिरी आटतील, असे कोणी म्हटले असेल तर ‘योग्य उपाय केले जातील’ हे उत्तर नव्हे. कोणत्या विहिरी, पाण्याची पातळी कोण मोजणार, किती दिवसांनी, खाली गेली तर पाणी कुठून देणार, हे लिहावे लागते.

मंजुरी मिळाल्यावर सात दिवसांत दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिरात द्यायची असते, आणि ती मनापासून द्यावी. लवादाकडे अपिलाची मुदत तीस दिवस, सबळ कारण असल्यास आणखी साठ. आदेश लोकांपर्यंत पोचलाच नाही, असा वाद उभा राहिला की ही मुदत कधी सुरू झाली हेच अनिश्चित होते. नव्वद दिवस सुखाने संपावेत असे वाटणाऱ्याने जाहिरात कोपऱ्यात छापण्यात शहाणपण नाही.

आधी बांधकाम, मग मंजुरी या वाटेचे काय? १६ मे २०२५ रोजी वनशक्ती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी मागाहून मंजुरी देणारी २०१७ ची अधिसूचना रद्द केली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोन विरुद्ध एक मताने तो निकाल मागे घेतला. सहा महिन्यांत दोनदा बदललेल्या या आधारावर बँक कर्ज देईल का, हे ज्याने त्याने आपल्या बँकेला विचारावे.