शिरपूर ते मालवण: जून नको, मेच बरा
विदर्भातल्या शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडतात. त्यामुळे शिरपूर जैनहून मालवणचा बेत जूनवर ढकलणं सोयीचं वाटतं. तरीही जावं मेच्या पहिल्या पंधरवड्यातच. कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ दरम्यान बांधलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या साधारण मेअखेरीस बंद होतात. पुढे समुद्र खवळतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीलाही बंदी असते. मेमध्ये किनाऱ्यावर घामानं जीव नकोसा होतो, हा आक्षेप खराच. म्हणून किल्ला सकाळी पाहावा, दुपार विश्रांतीला ठेवावी. प्रवास लांबचा आहे, हेही खरं. म्हणूनच रोज मुक्काम हलवू नये. मालवणातच चार-पाच रात्री राहावं. तारकर्ली, देवबाग तिथून जवळच आहेत.