गुणांकामागील संहिता : भिलाई-दुर्गच्या निमित्ताने

शालेय संपादणूक सर्वेक्षणांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले की ते शिक्षणखात्याच्या, फार तर समाजशास्त्रज्ञांच्या टेबलावर जातात. साहित्याच्या अभ्यासकाने वळून पाहावे असे त्यांत काही असेल, असे आपल्या विद्याशाखेत सहसा मानले जात नाही. वस्तुतः भाषेच्या प्रत्येक चाचणीच्या मुळाशी एक उतारा असतो. तो कुणीतरी लिहिलेला असतो, पुष्कळदा कुणीतरी भाषांतरित केलेला असतो, आणि एका विशिष्ट मुलाने एका विशिष्ट दिवशी तो वाचलेला असतो. लेखक, भाषांतरकार आणि वाचक हे तिघेही जेथे उपस्थित आहेत तेथे तौलनिक साहित्याभ्यासाला मज्जाव असण्याचे कारण दिसत नाही. छत्तीसगडमधील भिलाई आणि तिच्या भोवतीचा दुर्ग जिल्हा यांच्या आधारे प्रस्तुत लेखात एवढेच मांडावयाचे आहे की, जिल्ह्याच्या नावापुढे छापलेला गुणांक मुलाची घरची भाषा आणि प्रश्नपत्रिकेची भाषा यांतील अंतर पोटात घेऊन येतो. ते अंतर वेगळे न काढता दोन भाषांतील मुलांची तुलना करणे म्हणजे मूळ संहिता न पाहता दोन भाषांतरांची प्रतवारी लावणे होय.

मराठी वाचकाला भिलाई परकी वाटू नये. पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी १९५५ साली करार झाला तेव्हा हा भाग ज्या मध्यप्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती, आणि हिंदी व मराठी या दोन्ही त्या राज्याच्या राजभाषा होत्या. १९५६ च्या पुनर्रचनेत नागपूर द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, दुर्ग जिल्हा नव्या मध्यप्रदेशात राहिला आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगडमध्ये आला. १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी कार्यान्वित झाली. कारखान्याबरोबर सेक्टरांची आखीव वसाहत उभी राहिली. तेलुगू, मलयाळी, बंगाली, ओडिया, पंजाबी, मराठी कुटुंबे आली. कारखान्याने स्वतःच्या शाळा चालवल्या. अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांत यश मिळवणारे गाव अशी भिलाईची ख्याती या वसाहतीतून झाली, आणि २०१६ साली राज्याला मंजूर झालेल्या आय.आय.टी.ला नावही भिलाईचेच मिळाले.

मात्र प्रवेशपरीक्षा आणि संपादणूक सर्वेक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवेशपरीक्षेचे काम निवडण्याचे असते. दहा लाखांतून काही हजार वेगळे काढावयाचे, म्हणून तिचे प्रश्न मुद्दाम मुलामुलांत अंतर पडेल असे रचलेले असतात. सर्वेक्षण नमुना घेते, एकेका मुलाला निकाल देत नाही, आणि जिल्ह्यातील किंवा राज्यातील मुले कोणत्या पायरीवर आहेत एवढे सांगू पाहते. सेक्टरातल्या शाळेतून आय.आय.टी.त गेलेल्या मुलांच्या संख्येवरून खुर्सीपार किंवा कॅम्पमधल्या सरकारी प्राथमिक शाळेतील तिसरीच्या वर्गाविषयी काहीच कळत नाही. भिलाईविषयी बोलताना ही गल्लत इतक्या सहजपणे होते की ती गल्लत आहे हेही जाणवत नाही.

तथापि भाषांतराचा प्रश्न दोहोंकडे आहे. संयुक्त प्रवेशपरीक्षेची मुख्य पायरी २०२१ पासून मराठीसह १३ भाषांत उपलब्ध झाली. तिच्या माहितीपुस्तिकेत असे कलम असते की, भाषांतरात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी पाठ अंतिम मानला जाईल. भाषांतरमीमांसेत मूळ संहितेच्या अधिकाराविषयी आपण गेली कित्येक वर्षे वाद घालत आलो आहोत. येथे तो एका वाक्यात निकालात निघतो. जे मूल मराठी पाठ निवडते त्याला असा मजकूर हाती दिला जातो ज्याची प्रमाणता त्याच्या निर्मात्यांनीच आगाऊ नाकारलेली असते. २०१८ च्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतील तमिळ प्रश्नपत्रिकेच्या प्रकरणात हे प्रत्यक्ष दिसले. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने ४९ सदोष भाषांतरित प्रश्नांसाठी प्रत्येकी ४ या हिशेबाने १९६ गुण देण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला आधी स्थगिती दिली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो रद्द केला. भाषांतरातील दोषाची किंमत गुणांत मोजण्याचा न्यायालयीन प्रयत्न म्हणून हे प्रकरण आपल्या अभ्यासक्रमात वाचले गेले पाहिजे, असे मला वाटते.

मोठ्या मुलांच्या परीक्षेतील दोष निदान न्यायालयात जातो. तिसरीतल्या मुलाच्या बाबतीत दोष कोणता हेच सांगता येत नाही, कारण तेथे भाषांतर चुकलेले नसते. दुर्ग जिल्ह्यातील बहुसंख्य सरकारी शाळांचे माध्यम हिंदी आहे आणि खेड्यांतल्या मुलांची घरची भाषा छत्तीसगढी. जनगणना छत्तीसगढीला हिंदीच्या पोटात मोजते. २०११ च्या गणनेत अशा रीतीने नोंदलेले तिचे भाषक १ कोटी ६२ लाख होते. राज्याने २००७ साली तिला राजभाषेचा दर्जा दिला, पण आठव्या अनुसूचीत तिला स्थान मिळालेले नाही. (हीरालाल काव्योपाध्याय यांचे छत्तीसगढी व्याकरण १८८५ चे आहे, ग्रिअर्सनने १८९० साली त्याचे इंग्रजी रूप प्रसिद्ध केले, कामताप्रसाद गुरूंचे हिंदी व्याकरण त्यानंतर तीस वर्षांनी, १९२० साली आले. छत्तीसगढी माणूस ही गोष्ट अभिमानाने सांगतो आणि तो अभिमान रास्त आहे.) कागदोपत्री हे मूल हिंदी भाषक ठरते, म्हणून हिंदी उतारा त्याच्यासाठी भाषांतर नाहीच असे गृहीत धरले जाते.

हे गृहीतक कोठे कोसळते ते पाहण्यासाठी शब्दांपासून आरंभ करावासा वाटतो, पण शब्द ही त्यातली सोपी बाजू आहे. टोमॅटोला छत्तीसगढीत ‘पताल’ म्हणतात. टोमॅटोच्या शेतीसाठी ओळखल्या जाणाऱ्या धमधा परिसरातील मुलाला हिंदी उताऱ्यातले ‘टमाटर’ अडवणार नाही. ‘भेदरं’ म्हणणाऱ्या वऱ्हाडी मुलाला ‘टोमॅटो’ जसा अडवत नाही तसाच. बाजार ही भाषांतराची जुनी शाळा आहे. अडचण वाक्याच्या सांध्यात आहे. ‘लड़की ने आम खाया’ हे हिंदी वाक्य घ्या. खाणारी मुलगी आहे, क्रियापद मात्र पुल्लिंगी. कारण ते आंब्याशी जुळते. ‘लड़के ने रोटी खाई’ यात उलट. छत्तीसगढीत मुलगी असो वा मुलगा, आंबा असो वा पोळी, क्रियापद ‘खाइस’ एवढेच राहते: ‘नोनी हर आमा खाइस’. ‘ने’ नाही, कर्माशी जुळवणी नाही. वर्तमानकाळातही ‘जाथे’ हे रूप दोघांना चालते, तेथे हिंदीला ‘जाता है’ आणि ‘जाती है’ अशी दोन रूपे लागतात. अवधी आणि बघेलीबरोबर ग्रिअर्सनने छत्तीसगढीला पूर्व हिंदीच्या गटात घातले ते अशा लक्षणांमुळेच.

आता हेच वाक्य मराठीत उतरवू: ‘मुलीने आंबा खाल्ला’. गोंदियातल्या मराठी भाषक मुलाच्या घरी ‘ने’ आहे, कर्माशी जुळणारे क्रियापद आहे, लिंगे तर तीन आहेत. भाषांतर निर्दोष आहे, शब्दाला शब्द आहे, आणि तरीही दोन मुलांपुढे ठेवलेले काम सारखे नाही. मराठी मूल जे घरून घेऊन आले तेच छत्तीसगढी मुलाने शाळेत कमवावयाचे आहे. मापनशास्त्र याला प्रश्नाचे भिन्न वर्तन म्हणते: समान क्षमतेच्या दोन गटांना एकच प्रश्न कमी-अधिक कठीण जाणे. संख्याशास्त्राने असे प्रश्न हुडकता येतात, परंतु गट कोणते याची नोंद आधी असावी लागते. उत्तरपत्रिकेवर ‘हिंदी’ एवढेच लिहिले असेल तर दुर्गचे मूल मेरठच्या मुलात मिसळून जाते आणि राहिलेला फरक जिल्ह्याच्या शिक्षकांच्या नावावर मांडला जातो.

१२ नोव्हेंबर २०२१ च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात ७२० जिल्ह्यांतील सुमारे १ लाख १८ हजार शाळांमधून ३४ लाख मुलांची चाचणी २२ भाषांत झाली. निष्कर्ष मात्र ५०० च्या एकाच मोजपट्टीवर आले. तिसरीच्या भाषेची राष्ट्रीय सरासरी २०१७ मधील ३३६ वरून ३२३ वर उतरली. करोनाकाळात शाळा बंद राहिल्याचा परिणाम त्यात उघड आहे आणि कालक्रमाने केलेल्या अशा तुलनेला अर्थही आहे. राज्याराज्यांत केलेली तुलना त्याच विश्वासाने वाचता येत नाही. (जिल्ह्यांच्या तुलनेत आणखी एक खाचखळगा: बालोद आणि बेमेतरा २०१२ साली वेगळे झाले, तेव्हा त्याआधीचा दुर्ग आणि आजचा दुर्ग हे एकाच नावाचे दोन प्रदेश आहेत.)

हा प्रश्न शासकीय यंत्रणेला ठाऊक नाही असेही नाही. २०२२ च्या मार्चमध्ये तिसरीच्या सुमारे ८६ हजार मुलांचा जो पायाभूत अध्ययन अभ्यास झाला त्यात २० भाषांसाठी प्रावीण्याच्या स्वतंत्र सीमारेषा ठरवण्यात आल्या. कारण साधे आहे. हिंदीतील ‘पेड़ के नीचे वालों को भी’ हे सहा शब्द मराठीत ‘झाडाखालच्यांनाही’ या एका शब्दात मावतात. मिनिटाला किती शब्द वाचले ही मोजणी दोन्हीकडे सारखी लावली तर मराठी मूल विनाकारण मंद ठरेल. लिपी एकच, वाक्य एकच, पण ‘शब्द’ या एककाचाच आकार निराळा. भाषेनुसार सीमारेषा आखणे हा त्यावरचा प्रामाणिक उपाय आहे. तो छत्तीसगढीपर्यंत पोहोचलेला नाही, कारण ती चाचणीची भाषाच नाही.

येथे एका सोयीस्कर निष्कर्षापासून सावध राहिले पाहिजे. तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्ये ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २००९ च्या विस्तारित फेरीत सहभागी झाली आणि यादीच्या तळाशी राहिली. प्रश्न आपल्या सांस्कृतिक परिसराला परके होते, असे कारण शासनाकडून पुढे आले आणि नंतरच्या फेऱ्यांपासून भारत दूर राहिला. ‘पिसा’ची भाषांतरपद्धती मात्र आपल्या बहुतेक पद्धतींहून काटेकोर आहे: इंग्रजी व फ्रेंच असे दोन मूळ पाठ, त्यांवरून दोन स्वतंत्र भाषांतरे आणि तिसऱ्या व्यक्तीने केलेला त्यांचा मेळ. शिवाय वापरून झालेले काही उतारे ती लोकांपुढे ठेवते, त्यामुळे त्यांची चिकित्सा तरी करता येते. आणि भाषांतरावर सारा भार टाकता येत नाही याचा पुरावा ‘असर’ देते. २००५ साली ‘प्रथम’ने सुरू केलेली ही ग्रामीण पाहणी घरोघर जाऊन होते, तिचे छोटे उतारे त्या त्या भाषेतच पहिली-दुसरीच्या पातळीला धरून लिहिलेले असतात. तरीही दुसरीचा उतारा वाचू शकणारी पाचवीची मुले देशात २०१८ साली ५०.५ टक्के, २०२२ साली ४२.८ टक्के आणि २०२४ साली ४८.८ टक्केच आढळली. मुले वाचत नाहीत हे खरे आहे. ती का वाचत नाहीत याच्या उत्तरात घरच्या भाषेला किती वाटा द्यावयाचा, एवढाच आपला प्रश्न आहे आणि आजची सर्वेक्षणे त्याला जागा ठेवत नाहीत.

निकालाच्या वाचनातील ही उणीव निरुपद्रवी नाही. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेने शाळांचे अनुदान वाचन-लेखन-गणिताच्या परीक्षेतील निकालावर ठेवले, तेव्हा शाळातपासनीस असलेल्या मॅथ्यू आर्नल्ड या कवी-समीक्षकाने तिला जाहीर विरोध केला. पुढे आपल्या अहवालांत त्याने दाखवले की, नेमलेले पुस्तक घोकून मुले वाचता न येताही वाचनाच्या परीक्षेतून पार होतात. साहित्याचा माणूस असल्यामुळेच उतारा पाठ म्हणणे आणि उतारा वाचणे यांतला फरक त्याच्या कानाला कळला, असे म्हणावयास हरकत नाही.

छत्तीसगडमध्ये या उणिवेचा परिणाम वेगळ्या दिशेने होतो. हिंदीतील कमी गुणांचा अर्थ ‘मूल कच्चे आहे’ किंवा ‘शाळा वाईट आहे’ असा लावला, की पालकाला उपाय दिसतो तो इंग्रजी माध्यमाचा. २०२० पासून राज्याने स्वामी आत्मानंदांच्या नावे सुरू केलेल्या सरकारी इंग्रजी शाळांकडे असलेली ओढ यातून समजते. सेक्टरातल्या इंग्रजी शाळांचे यश पिढ्यान्‌पिढ्या कुंपणाबाहेरून पाहिलेल्या आईबापांना ती का वाटू नये? पण ज्या मुलाला ‘खाइस’वरून ‘खाया’कडे यावयास कुणी हात दिला नाही, त्याच्यापुढे आता तिसरी भाषा येते, आणि पुढील सर्वेक्षणात ते इंग्रजी माध्यमाच्या रकान्यात मोजले जाईल. शिक्षणहक्क कायद्याचे २९ वे कलम माध्यम शक्यतोवर मातृभाषेचे असावे असे सांगते. त्यातील ‘शक्यतोवर’ या शब्दाला किती वजन द्यावयाचे ते ठरवण्यासाठी तरी मातृभाषा कोणती याची नोंद उत्तरपत्रिकेवर हवी.

४ डिसेंबर २०२४ च्या ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षणात ७८१ जिल्ह्यांतील ७४ हजारांवर शाळा आणि २१ लाखांवर मुले होती. त्याचे आकडे वाचताना दुर्गइतकेच गोंदियाकडेही पाहावे लागेल. हावडा-मुंबई लोहमार्गावर राज्याची सीमा ओलांडली की उतारा हिंदीचा मराठी होतो. परंतु गोंदिया जिल्ह्यातल्या कित्येक घरांत पोवारी बोलतात, काहींत गोंडी, आणि सीमेलगत छत्तीसगढीही. त्या मुलांच्या उत्तरपत्रिकेवर ‘मराठी’ असे लिहिलेले असते.