हवेवर चालणारं कोरीवकामाचं मशीन घ्यायचंय? आधी हे बघा

बिलोली : लग्नसराईत भांड्यावर नाव टाकायला, अंगठीवर अक्षर कोरायला गिऱ्हाईक येतंच. सोनारकाम शिकणाऱ्याला मग हवेवरचं मशीन घ्यावं वाटतं. पण घाई करू नका.

चालतं कसं? कॉम्प्रेसरची हवा पायाच्या पॅडलवर कमी-जास्त होऊन हँडपीसमध्ये जाते. आतला छोटा दट्ट्या भराभर मागेपुढे होतो अन् छिन्नीला ठोके देतो. हातोडी लागत नाही, हातानं फक्त दिशा द्यायची.

काम कोणतं? नुसती भांड्यावर नावं टाकायची असतील तर विजेवरचा साधा एनग्रेव्हर पुरतो अन् स्वस्तही पडतो. सोन्या-चांदीवर खोल, चकचकीत रेघ काढायची असेल तरच हवेचं मशीन घ्या.

कॉम्प्रेसर : मशीनला किती हवा लागते ते आधी विचारा. हवेतलं पाणी-तेल हँडपीस खराब करतं, म्हणून फिल्टर अन् प्रेशर रेग्युलेटर लावाच. घरात बसून काम असेल तर कमी आवाजाचा घ्या. टाकी मोठी असली की लाईट गेल्यावरही थोडा वेळ काम चालतं.

खरी गोष्ट धारेची. छिन्नी बोथट असेल तर महागडं मशीनही घसरतं; दागिना बिघडतो, बोटही कापतं. त्यामुळे धार लावायचं साहित्य अन् माल घट्ट धरणारा, फिरणारा शिकंजा यासाठी पैसे आधीच बाजूला काढा. सुरुवातीला १२० अंशाची व्ही आकाराची छिन्नी बरी.

पैसे देण्याआधी तांब्याच्या पत्र्यावर स्वतः चालवून बघा. दुरुस्ती अन् सुटे भाग नांदेडला मिळतात का, हेही विचारा. डोळ्याला चष्मा विसरू नका.