हेलिकेजला बरोबर-चूक कळत नाही

आरएनएच्या धाग्यात अक्षरं चारच, त्यामुळे भलत्याशी जोडी जमणं सोपं, आणि जमली की ती लवकर सुटत नाही. टेट्राहायमेना या एकपेशीय जीवाचा, स्वतःच स्वतःला कापणारा आरएनए थॉमस सेक यांनी १९८२ साली जगापुढे आणला. परीक्षानळीत त्याचे बहुतेक रेणू एका चुकीच्या घडीत अडकतात आणि सुटायला तासन्तास घेतात. पेशीला एवढी सवड कुठली! तिथे आरएनए हेलिकेज ही विकरं कामाला येतात. चुकलेल्या घड्या दुरुस्त करणारी म्हणून त्यांची वाखाणणी होते. मला ती पटत नाही. त्यांना फक्त मोडता येतं आणि त्यांची खरी ताकद तीच आहे.

न्यूरोस्पोरा बुरशीच्या मायटोकॉन्ड्रियातलं सायट-१९ घ्या. या प्रथिनाचे दोन मुख्य भाग लवचीक दुव्याने जोडलेले असतात. पेशीचं इंधन असलेला एटीपी आणि आरएनए दोन्ही लाभले की ते मिटतात आणि एका धाग्याला असा बाक देतात, की समोरच्या धाग्याशी त्याची जोडी टिकतच नाही. मोजक्या जोड्या सुटतात, एटीपी फुटतो, पकड ढिली होते, काम संपलं. पुढे घडी कशी पडते याच्याशी त्याला देणंघेणं नाही. २००७ साली भास्करन आणि रसेल यांनी सायट-१९ टेट्राहायमेनाच्या आरएनएवर सोडलं, तेव्हा ते बरोबर घडीही मोडताना दिसलं. भक्कम घडी कमी मोडते, एवढाच फरक. बरोबर घडी कमकुवत असेल, तर सायट-१९मुळे चुकीच्या रेणूंचं प्रमाण उलट वाढतं. कुणी म्हणेल, ही एटीपीची उधळपट्टी झाली. झालीच. पण योग्य घडी ओळखायची म्हटलं, तर प्रत्येक आरएनएसाठी वेगळं विकर पाळावं लागेल. सायट-१९ची टेट्राहायमेनाशी जन्मात गाठ पडत नाही, तरी त्याचं काही अडलं नाही.

याहून वजनदार आक्षेप स्प्लायसोसोमचा. संदेशवाहक आरएनएतले निरुपयोगी तुकडे कापणाऱ्या या यंत्रणेत आठ हेलिकेज ठरल्या क्रमाने येतात. त्यांपैकी ब्रर-२ हे यू-४ आणि यू-६ या आरएनएंची जोडी नेमक्या वेळी सोडवतं. मग याला आंधळं कसं म्हणायचं? पण ती वेळ ब्रर-२ ठरवत नाही. ते आपल्या लक्ष्यासह आधीपासूनच आत बसलेलं असतं, आणि शेजारच्या पीआरपी-८ या प्रथिनाचं शेपूट त्याच्या आरएनए शिरण्याच्या वाटेत बुचासारखं अडकलेलं असतं. बूच निघालं की मोडणं सुरू. माणसात ब्रर-२च्या जनुकात बिघाड झाला तर रेटिनायटिस पिगमेंटोसा होऊन दृष्टी जाऊ शकते. पीआरपी-८च्या त्या शेपटात बदल झाले, तरी आजार तोच.