दगडावर दगड : त्रुल्लोचं घर

बारी, ब्रिंदिसी आणि तारान्तो ही दक्षिण इटलीतली तीन बंदरं. त्यांच्या मधल्या पठारावर इत्रियाचं खोरं पसरलं आहे. तांबडी माती, पीळदार बुंध्यांची जुनी ऑलिव्हची झाडं, द्राक्षमळे आणि शेताशेतांमधून धावणारे दगडी गडगे. उंचावर लोकोरोतोन्दो, मार्तिना फ्रांका, चिस्तेर्निनो अशी पांढरीशुभ्र गावं. आणि शिवारात जागोजागी करड्या, शंकूच्या आकाराच्या छपराची घरं. या घराला म्हणतात त्रुल्लो. अनेक असली की त्रुल्ली. आल्बेरोबेल्लो गावाच्या मोन्ती आणि आया पिक्कोला या दोन वस्त्यांत मिळून दीड हजारांहून अधिक त्रुल्ली आहेत. १९९६ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा ठरवलं.

या घराचं मूळ जमिनीत आहे. पठार चुनखडीचं. पाऊस पडला की पाणी भेगांतून खाली निघून जातं, त्यामुळे वर नदी नाही, ओढा नाही. मातीचा थर पातळ, नांगर घातला की दगड वर येतो. पीक घ्यायचं तर हा दगड वेचून बाजूला काढावाच लागतो. वेचलेल्या दगडाचे गडगे झाले, उरलेल्याची घरं झाली.

बांधणीत चुना नाही, माती नाही. खालच्या खडकावरच जाड भिंती उठवतात: आत-बाहेर रचलेले दगड, मध्ये बारीक दगडांची भर. भिंत पुरेशी वर आली की शंकू सुरू होतो. दगडांचं प्रत्येक कडं खालच्या कड्यापेक्षा थोडं आत सरकवायचं. कडं पूर्ण झालं की त्यातले दगड एकमेकांना दाबून धरतात, म्हणून खाली लाकडी आधार लागत नाही. कडी लहान होत होत माथ्याशी मिटतात. वरून पातळ फरशांचे थर बसवतात. या फरशा म्हणजे क्यांकारेल्ले. त्यांना बाहेरच्या बाजूला किंचित उतार देतात, की पाऊस आत न शिरता ओघळून जावा. ते पाणीही वाया जात नाही. छपरावरून ते जमिनीखालच्या टाक्यात उतरतं. जिथे नदी नाही, तिथे छप्परच पाणलोट झालं.

आत एका शंकूखाली एक खोली. जाड भिंतींत कोनाडे, चूल, झोपण्याच्या जागा; वर लाकडी माळा, धान्यासाठी. खिडक्या लहान, त्यामुळे उन्हाळ्याचा ताप आत येत नाही. कुटुंब वाढलं की शेजारी आणखी एक शंकू उभा राहतो.

आल्बेरोबेल्लोत ही रीत इतकी रुजली, त्यामागे सत्तेचं गणितही होतं. नेपल्सच्या राज्यात नवं गाव वसवायला राजाची परवानगी लागे आणि कर भरावा लागे. कोन्व्हेर्सानोच्या आक्वाव्हिव्हा सरदारांना इथे शेतकरी हवे होते, कर नको होता. म्हणून घरं बिनचुन्याचीच बांधायची, तपासणी आली तर पटकन उतरवता यावीत, असा दंडक होता. माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या अशा घरांत संसार केले, ज्यांवर त्यांचा हक्क कागदावर कुठेच नव्हता. अखेर गावकऱ्यांनी राजा चौथा फेर्दिनान्द याच्याकडे दाद मागितली आणि २७ मे १७९७ रोजी गाव सरदाराच्या ताब्यातून मुक्त झालं. त्याच वर्षी चुन्याने सांधलेलं पहिलं घर उभं राहिलं, कासा द'आमोरे. गावाने स्वातंत्र्याची नोंद भिंतीतच केली.

तरीही त्रुल्लो मागे पडलं नाही. लोकोरोतोन्दोच्या कुम्मेर्से या उतरत्या छपरांच्या घरांवर याच दगडी फरशा दिसतात. विसाव्या शतकात आल्बेरोबेल्लोत सांत'आन्तोनिओचं चर्चही शंकूच्या छपराचं बांधलं गेलं.

आज बऱ्याच त्रुल्लींत दुकानं आणि पर्यटकांची निवासस्थानं आहेत. त्या उत्पन्नामुळे घरं शाबूत राहतात, हे खरं. पण घर टिकतं ते दगड निवडणाऱ्या, घडवणाऱ्या आणि रचणाऱ्या हातांमुळे. या कारागिरांना त्रुल्लारी म्हणतात. २०१८ साली युनेस्कोने इटलीसह आठ देशांतल्या बिनचुन्याच्या दगडी बांधणीच्या कौशल्यालाच अमूर्त वारशात स्थान दिलं, ते म्हणूनच मोलाचं.

चटकन मोडता यावं म्हणून जी रीत लादली गेली, तीच या घराच्या दीर्घायुष्याचं कारण ठरली. फरशी फुटली तर ती काढून दुसरी बसवता येते. शंकू ढासळला तर त्याच दगडांतून पुन्हा उभा करता येतो. त्यासाठी लागतो तो जाणता कारागीर. इत्रियाच्या खोऱ्यात जतन करायचं आहे ते त्याचं ज्ञान. ते हातात राहिलं, तर दगड तिथे मुबलक आहे.