पूर्वग्रह सोडा, परग्रह पकडा!

मनमाड जंक्शन! इथून मुंबईची गाडी मिळते, भुसावळची मिळते, दौंडची मिळते, संभाजीनगरची तर मिळतेच. आजची आपली स्पेशल मात्र थेट सूर्यमालेबाहेर निघाली आहे. तिकीट नाही, वेटिंग नाही, आरएसीची कटकट नाही. फक्त सहावी-सातवीतलं एखादं चौकस पोरगं शेजारी बसवून घ्या. प्रश्न तेच विचारणार आहे. उत्तरं आपण देऊ!

नवग्रह? आता मोजत बसा!

दुसऱ्या एखाद्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह म्हणजे बाह्यग्रह, अर्थात एक्झोप्लॅनेट. माहीत आहे का, १९९१ सालापर्यंत असा पक्का सापडलेला एकही ग्रह नव्हता? १९९२ मध्ये खातं उघडलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नासाची यादी ६ हजारांवर पोचली. नवग्रहांची शांत घालताना दमणाऱ्यांनी हा आकडा गुरुजींच्या कानावर घालू नये. दक्षिणा परवडणार नाही.

गाडी किती लेट?

सूर्याचा सर्वात जवळचा शेजारी तारा म्हणजे प्रॉक्झिमा सेंटॉरी. त्याचा एक ग्रह २०१६ मध्ये सापडला. अंतर ४.२४ प्रकाशवर्षं. मनमाडहून ताशी १०० किलोमीटरने, एकही थांबा न घेता निघालात तर पोचायला साधारण साडेचार कोटी वर्षं लागतील. डबा भरपूर घ्या!

रोज केक, रोज फुगे

पृथ्वीचं वर्ष ३६५ दिवसांचं. आणि ‘५५ कँक्री ई’ या ग्रहाचं? फक्त १८ तासांचं! आपल्याकडे बारा वर्षांचा झालेला मुलगा तिथे जवळपास सहा हजार वाढदिवस साजरे करून मोकळा झाला असता. रिटर्न गिफ्टचा खर्च आई-बाबांनी काढावा.

छत्री चालणार नाही

‘एचडी १८९७३३ बी’ हा ग्रह दिसतो छान निळा. समुद्र असेल? छे! तिथे ताशी ८ हजार किलोमीटरहून जास्त वेगाचे वारे आहेत आणि काचेच्या कणांचा आडवा पाऊस पडत असावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. ‘वास्प-७६ बी’वर तर लोखंडाचा पाऊस पडत असावा. ‘ट्रेस-२ बी’ कोळशापेक्षा काळा. ‘केप्लर-५१’भोवतीचे ग्रह इतके हलके, की शास्त्रज्ञच त्यांना ‘कॉटन कँडी’ म्हणतात. आपल्या जत्रेतले बुढ्ढी के बाल हो!

फळ्यावरचा सूर्य, डब्यातली पृथ्वी

एवढ्या लांबचा ग्रह दिसतो तरी कसा? बहुतेक वेळा दिसतच नाही! तो आपल्या ताऱ्यासमोरून जातो, ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो आणि चोरी पकडली जाते. या पद्धतीचं नाव ट्रान्झिट. जंक्शनच्या गावात हा शब्द वेगळा शिकवायला नको.

गुरुजी, बाई, आता वर्गात एक गंमत करा. फळ्यावर एक मीटर व्यासाचं वर्तुळ काढा. हा सूर्य. त्यावर दहा सेंटिमीटर व्यासाची बशी धरा. हा गुरू. आता पृथ्वी? डब्यातला एक कोरडा, न भिजवलेला काबुली चणा! गुरू सूर्याचा उजेड एक टक्क्याने कमी करतो. पृथ्वी मात्र जेमतेम बारा हजारांतला एक भाग. दुसऱ्या पृथ्वीचा शोध एवढा अवघड का, ते मुलांना चण्याकडे बघूनच कळतं.

पुढची पायरी. खिडक्या बंद करा आणि बल्ब लावा. समोर मोबाईल ठेवून त्यात उजेड मोजणारं फुकटचं अॅप उघडा. दोऱ्याला कागदाचा बोळा बांधून बल्बसमोरून सावकाश न्या. स्क्रीनवरचा आकडा खाली येतो आणि बोळा सरकला की पुन्हा वर. झाला ट्रान्झिट! नासाच्या केप्लर दुर्बिणीने हाच खेळ अंतराळात खेळून २,६०० हून जास्त ग्रह धरले. मधेच लाइट गेली तर मात्र ग्रह सापडला असं समजू नये.

पुण्याच्या पोराने ठेवलं नाव!

बाळाचं बारसं आत्या करते. ग्रहाचं कोण करतं? २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने देशोदेशी एकेक तारा आणि त्याचा ग्रह नाव ठेवायला दिला. भारताच्या वाट्याला आलेल्या ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून ‘बिभा’ नाव मिळालं आणि त्याच्या ग्रहाला ‘संतमस’. हे दुसरं नाव सुचवलं होतं पुण्यातल्या एका १३ वर्षांच्या शाळकरी मुलाने! आपण वर्गात बाकावर नाव कोरतो. याने आभाळात कोरलं.

तिसऱ्याच दिवशी सिक्सर

२०१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतला एक १७ वर्षांचा विद्यार्थी नासात इंटर्न म्हणून लागला. तिसऱ्या दिवशी त्याने काय शोधलं असेल? कँटीन? नाही हो, ग्रह! ‘टीओआय १३३८ बी’. त्याला चक्क दोन सूर्य आहेत. दुपारचं डबल ऊन झेपणार असेल तर विचार करा.

बॅटरी बंद, मान वर

सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह ‘५१ पेगासी बी’. १९९५ मध्ये मिशेल मायोर आणि डिडिए क्वेलो यांनी तो शोधला, २०१९ मध्ये दोघांना नोबेलचा वाटा मिळाला. ग्रह डोळ्यांना दिसत नाही, त्याचा तारा दिसू शकतो. दिवाळीच्या आसपास, अमावास्येच्या सुमारास, अंकाई-टंकाईच्या बाजूला शहराचे दिवे मागे टाकून मान वर करा. पूर्वाभाद्रपदा नक्षत्राचे दोन ठळक तारे शोधा. त्यांच्या जवळपास मधोमध, जरा पश्चिमेकडे, एक अगदी मंद ठिपका असतो. आकाश स्वच्छ आणि नजर तीक्ष्ण हवी. नाहीतर साधी दुर्बीण जिंदाबाद!

हे जगताप कोण?

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक नारायण विनायक जगताप. ना. वि. ज.! आता आद्याक्षरं उलटी वाचा. ज. वि. ना. म्हणजे दस्तुरखुद्द खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात लिहून धाडली होती.

हेच नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. एका कार्डात ज्ञान आणि ऑटोग्राफ, टू इन वन!

पुण्यात त्यांच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत मुलांसाठी विज्ञान शोधिका उभी राहिली ती पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून. इमारतीचं नाव सप्तर्षींतल्या एका ताऱ्याचं, ‘पुलस्त्य’. पहिली दोन अक्षरं पाहिलीत ना? पु. लं.नीही दाद दिली असती.

फुग्यात सापडले पाहुणे

जीवसृष्टी अवकाशातून आली असेल का? नारळीकर आणि सहकाऱ्यांनी इस्रोच्या मदतीने हैदराबादहून महाकाय फुगे सोडले आणि २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली. २००५ च्या उड्डाणातल्या नमुन्यांत अतिनील किरणांना दाद न देणाऱ्या जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. एकीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांचं नाव, दुसरीला इस्रोचं, तिसरीला आर्यभटांचं. पाहुणे वरून आले की इथलेच वर गेले? इस्रोने तेव्हाच सांगून टाकलं, की हा काही परग्रहवासीयांचा पक्का पुरावा नव्हे.

खोडदचे कान

नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, पसारा २५ किलोमीटर. माहीत आहे का, १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं शियापारेली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा क्षीण सिग्नल जुन्नर तालुक्यातल्या याच दुर्बिणीने टिपला? यान शेवटी आपटलं, पण कान पक्के निघाले.

एलियनला मराठी येते का?

यायला हवी! १९७७ मध्ये निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. तिच्यात ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यातला एक मराठीत. शिवाय गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी! व्हॉयेजर १ आता २,४०० कोटी किलोमीटरहून दूर आहे. मैफल अजून संपलेली नाही. खरं तर भैरवीने संपते म्हणतात, पण इथे भैरवीनंतरही प्रवास सुरूच आहे.

पाणी आलं का?

परग्रहावर जीव शोधताना शास्त्रज्ञ आधी काय विचारतात? पाणी आहे का? वर्षानुवर्षं वाघदर्डी धरणाकडे डोळे लावून बसलेल्या आणि नळाला पाणी कधी येणार याचा हिशेब ठेवत आलेल्या मनमाडकरांना हा प्रश्न समजावून सांगायला नासाची गरज नाही. ना फार गरम ना फार गार, अशा टापूत पाणी द्रवरूपात टिकू शकतं. सुमारे १२० प्रकाशवर्षांवरचा ‘के२-१८ बी’ अशाच टापूत आहे. केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाला जेम्स वेब अवकाश दुर्बिणीतून तिथे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड दिसले. २०२५ मध्ये त्यांनी आणखी एका वायूची चाहूल लागल्याचं सांगितलं. पृथ्वीवर तो मुख्यतः समुद्रातले सूक्ष्मजीव बनवतात. यावर अजून जोरदार वाद सुरू आहे, त्यामुळे पेढे थांबवा.

पाणी खारट असलं तर? लोणारला विचारा! उल्कापाताने बनलेलं ते सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झालं. करामत होती मीठ आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांची. जिथे आपण पाय बुडवायला कचरतो, तिथे त्यांची पार्टी!

आता तुमची पाळी

‘प्लॅनेट हंटर्स’ या उपक्रमात नासाच्या टेस दुर्बिणीने टिपलेल्या ताऱ्यांच्या उजेडाचे आलेख कुणालाही इंटरनेटवर बघता येतात आणि उजेडातली खोच शोधता येते. फी शून्य, डिग्रीची अट नाही. तेव्हा मनमाडच्या शिक्षकांनो, या शनिवारी अर्ध्या दिवसाच्या शाळेत फळ्यावर तेवढं एक मीटरचं वर्तुळ काढाच. आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदची दुर्बीण लोकांसाठी खुली होते, तिथे शाळकरी मुलांचे प्रयोगही मांडलेले असतात. सहलीच्या वहीत ती तारीख आत्ताच लिहून ठेवा!